वाट क्रमांक पाच

शहर,
९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत पुस्तिकेच्या दोन प्रती पाठवते आहे. एक तुला, एक भावोजींना, म्हणजे कुणी आधी वाचायची यावरून घरात तंटा नको. मुखपृष्ठावर माझं नाव शोधू नकोस. आमच्या पर्यटन खात्यात नाव फक्त साहेबांचं छापतात, तेही दोन ठिकाणी. आतली साठ पानं मात्र माझी. जुन्या शहराच्या वेशीपासून आसपासच्या पाच गावांना जाणाऱ्या पायवाटा, त्यांचे नकाशे, वाटेत काय दिसतं, कुठे टेकावं, किती वेळ लागतो.

मी चालण्यावर पुस्तक लिहावं यातला विनोद तुला वेगळा सांगायला नको. दोन थांबे जायचं तरी मी बस पकडते. पहिल्याच वाटेवरच्या चढणीला मी इतकी धापा टाकत होते की समोरून उतरणाऱ्या एका आजोबांनी मला हात धरून वरपर्यंत नेऊन सोडलं आणि मग ते परत उतरू लागले, कारण त्यांना खालीच जायचं होतं. पुस्तिकेत त्या चढणीला मी ‘किंचित दमवणारी’ म्हटलं आहे. दुसऱ्या वाटेवर बुटाचा तळ सुटला, तो ओढणीने बांधून गावात शिरले. तिसरीवर एका कुत्र्यामुळे माझा वेग वाढला, तो मी हिशेबात धरलेला नाही.

असं करत चार वाटा या देहाने चालून काढल्या. पाचवी आपल्या गावची. ती मात्र मी टेबलाशी बसून एका दुपारीत लिहिली. घरची वाट, ती काय चालून बघायची? महिन्यातून एकदा बाबांबरोबर जायचो, डोळे मिटले तरी दिसते. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना तेच पान आवडलं. साहेबसुद्धा म्हणाले, नदीचं वर्णन चांगलं साधलंय. मी मान खाली घालून विनयाने हसले. विनय मला शोभत नाही, असं शेजारच्या टेबलावरून कळलं.

लोभ आहेच. पुस्तिका वाचून वाढला तर कळव, कमी झाला तर गप्प राहा.

तुझी,
धाकटी


गाव,
२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तिका मिळाल्या. ह्यांनी त्यांची प्रत आधी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली आणि मग शिवणयंत्राच्या डगडगणाऱ्या पायाखाली सारली. यंत्र आता हलत नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायला सांगितले आहेत.

आता खरी बातमी. गेले तीन रविवार आमच्या दवाखान्यात बाकावर बसायला जागा नाही. एकोणीस वर्षं मी इथे सिस्टर आहे, पण रविवारी दुपारी एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. आजार सगळ्यांना एकच, पायाचे फोड. टाचेला, अंगठ्याला, एकाला तर थेट तळव्याला. सगळे शहरातून चालत आलेले आणि प्रत्येकाच्या हातात तुझी पुस्तिका. पान उघडून माझ्यासमोर धरतात, जणू फोड मीच आणलेत. त्यात लिहिलं आहे, ‘तीन तासांची रमतगमत चाल’. सकाळी सातला निघालेली माणसं एकच्या सुमाराला दारात येतात, आणि रमलेलं त्यांतलं कुणी दिसत नाही.

एका निवृत्त मास्तरांनी विचारलं की हे लिहिणारी व्यक्ती कोण आहे. मी म्हटलं, मला काय माहीत. पट्टी मात्र जरा घट्ट बांधली गेली.

आणि ही नदी कुठली काढलीस? ‘मधल्या टप्प्यात उजव्या हाताला नदी सोबत करते’ म्हणे. तिथे उजव्या हाताला फळबागेची भिंत आहे. पुरुषभर उंच आणि वर वीतभर. आपल्या लहानपणीही होती. लोक मला विचारतात नदी कुठे गेली, जशी काही मी ती औषधांच्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

दोन वर्षं झाली तुला इकडे येऊन. कधी येतेस कळव. बसने ये, स्वतःच्या लिखाणावर विसंबू नकोस.

तुझी,
ताई


शहर,
१० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. दोन कप चहा झाल्यावर राग गेला आणि लाज उरली. तिसऱ्या कपाने काही फरक पडला नाही.

तुझ्या रुग्णांनी खात्याकडेही पत्रं पाठवली आहेत. सात आली. एकात टाचेचा फोटो आहे, चांगला मोठा, रंगीत. साहेबांनी तो मला दोन्ही बाजूंनी दाखवला. मग पुस्तिकेच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं, जिथे मीच लिहिलं आहे की प्रत्येक वाट स्वतः चालून नोंदली आहे. पंधरा डिसेंबरला दुसरी आवृत्ती छापायला जाते. तोपर्यंत पाचवी वाट दुरुस्त झाली नाही, तर ती काढून टाकायची. चार वाटा पुरेत म्हणाले, नकाशात चार बरोबर बसतात. म्हणजे चार दिशांना चार गावं, आणि आपलं गाव जिथे आहे तिथे कोरा कागद.

खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं, सुटले. वाटच नसेल तर चूक कुठून दिसणार? असले विचार मला फार झटपट सुचतात, चालायला मात्र पाय जड होतात. पण मग तो कोरा कागद डोळ्यांसमोरून हलेना.

म्हणून एक मागणं आहे. तुला ती वाट पाठ आहे. तूच ती लिहून पाठव ना, जशी आहे तशी. भाषेचं मी बघून घेईन.

नदीचं मात्र मला अजून उमगत नाही. मी ती रचून लिहिलेली नाही गं. भिंत मला आठवतच नाही, आणि नदी इतकी आठवते की वळणावरचा दगडी बंधारा आणि त्याच्यावर ओळीने बसलेले बगळेही दिसतात. माझं डोकं ठिकाणावर आहे ना? आमच्या ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, वय झालं. त्यांना चहा दिला नाही.

राग असला तरी उत्तर लिही, एवढा लोभ असू दे.

तुझी,
धाकटी


गाव,
१८ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डोकं ठिकाणावर आहे. तेव्हा ते जरा उंच ठिकाणी होतं, एवढंच. तू बाबांच्या खांद्यावर होतीस.

तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून सहाची होईपर्यंत. तुझे पाय जमिनीला लागायचे ते थेट शहराच्या वेशीत, कारण तिथे लोक हसतील म्हणून बाबा तुला उतरवायचे. तुला भिंत कशी आठवेल? तू तिच्या वरून बघत होतीस. वरून गाणी म्हणायचीस. तुझी चप्पल सुटून माझ्या डोक्यावर पडायची आणि ती उचलून पुन्हा तुझ्या पायात घालायची हे माझं काम.

दुसरं काम पिशवीचं. गावातल्या लोकांची बंद पडलेली घड्याळं बाबा शहरात न्यायचे, जे सुटे भाग इथे मिळत नसत ते तिथे बसवून आणायचे. तू खांद्यावर, म्हणून घड्याळांची पिशवी माझ्याकडे. बाबांचं एकच सांगणं असायचं की वस्तू दुसऱ्यांच्या आहेत, ठेच लागता कामा नये. नऊ वर्षांची होते मी. बाराची होईपर्यंत मी ती पिशवी नेली आणि एकदाही ठेचकाळले नाही. त्या वाटेवरचा दगड न् दगड मला माहीत आहे. वर काय होतं ते विचारू नकोस. नदी मला आठवत नाही, कारण मी ती पाहिलेलीच नाही.

तुझे ते तीन तासही बाबांचेच. अजून किती राहिलं असं मी विचारलं की ते म्हणायचे, तीन तास. निघताना तीन, अर्ध्यावर तीन. अख्ख्या गावाची घड्याळं लावून देणारा माणूस.

मी वाट लिहून देणार नाही. रागाने नाही म्हणत. थोडं रागानेच म्हणते आहे. तेव्हा ओझं मी नेलं आणि आता वर्णन तू केलंस. पुन्हा तीच वाटणी नको. वाट हवी असेल तर चालत ये. मलम आणि पट्ट्या काढून ठेवते.

तुझी,
ताई


शहर,
४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी मी तुझ्या बाकावर तिसऱ्या नंबरला बसले होते आणि तू मला खरोखर तिसऱ्या नंबरलाच घेतलंस. माझ्या आधीच्या गृहस्थांना तू फुंकर घालून औषध लावलंस. मला फुंकर नाही. पट्टी मास्तरांसारखीच घट्ट. तुझी पाळी संपायच्या आत माझी शेवटची बस निघाली, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. बरं झालं. तोंडावर मला हे सांगता आलं नसतं.

येताना मी पिशवी घेऊन आले होते. तुला वाटलं असेल, डबा. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे सहा पेले होते. सहा तास दुसऱ्याची वस्तू नेणं म्हणजे काय असतं ते बघायचं होतं. पेले शेजारणीचे, तिला अजून सांगितलेलं नाही. पहिला वेशीपासून हाकेच्या अंतरावर फुटला. दोन ओढ्यात, कारण एका हलत्या दगडावर मी विश्वास टाकला. चौथा मी बसले तेव्हा फुटला. ठेच नाही, काही नाही, नुसती बसले. पंचेचाळीस वर्षांची बाई, वाट कोरडी, ऊन सौम्य, आणि गावात पोचले तेव्हा दोन पेले उरले होते.

भिंत पाऊण तास चालते. त्या पाऊण तासात मी एकदाही मान वर केली नाही. केली असती तरी काही दिसलं नसतं. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता, तेवढाच. तेव्हा मला कळलं की ज्या वाटेबद्दल मी इतकी वर्षं ‘आपण जायचो’ असं लिहीत आणि सांगत आले, त्या वाटेने आपण दोघी एकत्र कधी गेलोच नाही. मी कुठल्या वेगळ्याच वाटेने गेले होते आणि तू खालून चालत होतीस. हे मला आधी कळायला हवं होतं. चुकलं माझं, ताई.

नवं पान सोबत आहे. सहा तास, दमवणारी, बूट जाड तळाचे हवेत. सगळं पायांनी तपासलेलं. अडले आहे ते एका ओळीवर, नदीच्या. चालणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणजे पुस्तिकेत तिला जागा नाही. पण ती आहे, हेही खरं. ती ओळ मी तुझ्यावर सोपवते. काढ म्हणालीस तर काढते, आणि मला वाटतं, काढावीच. पंधराच्या आत कळव.

मागण्यासारखा लोभ माझ्याकडे शिल्लक आहे की नाही ठाऊक नाही, तरी मागते.

तुझी,
धाकटी


गाव,
११ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारणीला आधी सांग. मग सहा नवे घे.

पान वाचलं. ओढ्यातला तिसरा दगड हलतो, तो टाळायला सांग. बागेच्या अलीकडे वाट दोनदा फुटते, तू एकदाच लिहिलं आहेस. बाकी बरोबर आहे. दोन ठिकाणी तू स्वतःची टर उडवली आहेस, ती राहू दे. फोड आलेल्या माणसाला तेवढाच आधार.

काल रविवारी मी रजा टाकली. रुग्णांना तपासायच्या टेबलावर चढायला आमच्याकडे दोन पायऱ्यांचा लोखंडी स्टूल आहे, तो डॉक्टरांना विचारून घेतला. ह्यांनी तो खांद्यावर घेतला आणि आम्ही दोघं भिंतीपर्यंत चालत गेलो. वाटेत जो भेटला त्याने विचारलं की स्टूल कुठे निघाला. हे प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगत होते.

स्टूल भिंतीशी लावला आणि चढले. भिंत नाकापर्यंत आली. मग टाचा उचलल्या.

नदी आहे. तू लिहिलीस तेवढी रुंद नाही. बंधारा एका बाजूने ढासळला आहे. बगळे होते, चारपाच, ओळीने नाही. ऊन पाण्यावर पडून सगळं हलत होतं. खालून ह्यांनी दोनदा विचारलं काय दिसतं म्हणून. मला सांगता येईना. तुझ्यासारखं मला वर्णन करता येत नाही. पिंडऱ्या भरून येईपर्यंत तशीच उभी राहिले.

तेवढ्यात शहराकडून तुझी माणसं आली, पुस्तिका घेऊन. नदी इथेच का, असं त्यांनी विचारलं. मी खाली उतरले आणि स्टूल धरला. एकामागून एक अकरा जण चढले. एक बाई वर उभ्या राहून पुस्तिकेतलं पान आणि समोरचं पाणी असं आलटून पालटून बघत होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, लिहिलंय ते बरोबर आहे. हे लिहिणारी कोण ते मी या वेळी सांगितलं.

ओळ ठेव. तिच्यापुढे एवढं घाल की भिंतीला लाकडी पायऱ्या आहेत. आज नाहीत, पण आवृत्ती छापून येईपर्यंत होतील. बागवाल्याची हरकत नाही आणि ह्यांनी सुताराला सांगितलं आहे. सुतार म्हणत होता, माणसांना तीन पायऱ्या पुष्कळ झाल्या. मी त्याला पाच करायला लावल्या. नऊ वर्षांच्या मुलीला दिसलं पाहिजे.

तुझी,
ताई