भट्टीवाल्याच्या मुलीची फिल्म

२ जानेवारी
रोजनिशी पुन्हा सुरू. मागच्या वर्षीची एकोणीस जानेवारीला बंद पडली, पण ती वहीच वाईट होती, शाई फुटायची. संकल्प: रोज चालणे. नदीवरच्या फिल्मचं एडिटिंग मार्चपर्यंत संपवणे (अकरा वर्षं पुरे). वार्षिक माहितीपट पुरस्कारांबद्दल चारचौघांत वाईट न बोलणे.

३ जानेवारी
थंडी. चालणं उद्यापासून.

९ जानेवारी, सकाळी अकरा
एका मुलीचा फोन. म्हणाली, मी भट्टीवाल्याची मुलगी. ताबडतोब ओळखलं. वीस वर्षांपूर्वी काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या एका माणसावर मी फिल्म केली होती. त्या वर्षीचा पुरस्कार तिलाच मिळाला. (नंतर मला मिळाला नाही याचं कारण ज्युरीला विचारावं.) तेव्हा ही मुलगी सहा-सात वर्षांची असेल. आता स्वतः माहितीपट करते. माझ्या त्या फिल्मवरच फिल्म करतेय, म्हणून माझी मुलाखत हवी!
कुणालातरी आठवण झाली म्हणायची. घरात हिला सांगितलं. ही म्हणाली, कधी येणार? लग्नाला चौतीस वर्षं झाली की बायकोला कशाचंच अप्रूप राहत नाही.

१७ जानेवारी
मुलाखत झाली. तीन तास बोललो. भट्टीच्या उजेडाबद्दलच चाळीस मिनिटं. ती मध्येच म्हणाली, नंतर बाबांशी भेट झाली का कधी? मी म्हणालो, भेटायचं कशाला, तो माझ्या आत अजून धगधगतोय. वाक्य आयत्या वेळी सुचलं. नोंद करून ठेवतो, भाषणात वापरता येईल.
नंतर घसा बसला म्हणून जरा आडवा झालो. ती आणि तिचा कॅमेरामन स्वयंपाकघरात हिच्याशी गप्पा मारत बसले. चांगला दीड तास. बायकांना विषय लागत नाही.
दारात निघताना मी विचारलं, बाबा कसे आहेत? म्हणाली, गेले, चार वर्षं झाली. मी म्हणालो, अरेरे, पण माझ्या फिल्ममध्ये ते अमर आहेत. ती बुटाची नाडी बांधत होती. खूप वेळ बांधत होती.
हिला विचारलं, काय बोललात एवढं? ही म्हणाली, तिनं विचारलं ते सांगितलं.

३० मार्च
नदीचं एडिटिंग पुढच्या मार्चपर्यंत. मुलाखतीमुळे लय मोडली.

८ ऑक्टोबर
यंदाच्या पुरस्कारांच्या ज्युरीच्या अध्यक्षपदी दाढी! दाढी म्हणजे माझा जुना कॅमेरामन. मी बोट दाखवायचो तिथे कॅमेरा लावायचा, एवढंच त्याचं कर्तृत्व. चारचौघांत काही बोललो नाही. फक्त सहा जणांना फोन केले.

२ नोव्हेंबर
अंतिम पाचात भट्टीवाल्याच्या मुलीची फिल्म! म्हणजे एका अर्थी माझीच. दाढीला आता माझं काम पुन्हा बघावं लागणार. मनात फार बरं वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. घरी कुणी बघायलाही नव्हतं.

५ नोव्हेंबर
मुलीनं फिल्मची लिंक पाठवली. सोबत मेसेज, सर, आधी पाहून घ्या, मला बरं वाटेल. मी कळवलं, माहितीपट फोनवर बघणाऱ्यातला मी नाही, थेट मोठ्या पडद्यावर बघेन. माणसाला तत्त्वं हवीत.

९ नोव्हेंबर
तिनं परत लिंक पाठवली. ही फोन घेऊन आतल्या खोलीत बसली. तासाभरानं बाहेर आली, म्हणाली, तुम्ही आधी बघून घ्या. मी म्हणालो, सरप्राइज राहू दे. ही म्हणाली, ऐका माझं, बघा. हिला शेवट आधी सांगून टाकायची सवयच आहे. मी कानांवर हात ठेवले.

२१ नोव्हेंबर
निमंत्रण आलं. 'विशेष निमंत्रित', तिसरी रांग. पहिली का नाही, ते दाढीला माहीत. ही यायला नको म्हणाली. गुडघ्याचं कारण.

४ डिसेंबर
भाषणाचा सहावा खर्डा. अकरा मिनिटं होतात. एवढा वेळ कोण देईल? पण फिल्म जिंकली आणि मुलीनं स्टेजवर बोलावलं, तर तयारी हवी. 'धगधगतोय' शेवटी ठेवलंय. कोटाचं बटण पोटावर लागत नाही. श्वास सोडल्यावर लागतं. बोलताना सोडायचाच असतो.

१३ डिसेंबर, दुपार
काल झालं ते लिहितो. क्रमाने लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.
फिल्म बावन्न मिनिटांची. त्यात मी चाळीस सेकंद. उजेडाबद्दल बोलतोय. म्हणतोय, त्या चेहऱ्यावरचा उजेड सोडणं म्हणजे पाप ठरलं असतं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. लगेच पुढच्या शॉटमध्ये कारखान्याचं पत्र. भट्टीवाल्याला कामावरून काढल्याचं. तारीख माझ्या फिल्मला पुरस्कार मिळाला त्यानंतर दोन महिन्यांची.
त्याचं असं आहे. भट्टीच्या झळेनं त्याचे डोळे अधू होत चालले होते, आणि कारखान्याचा डॉक्टर न तपासताच 'नॉर्मल' लिहायचा. हे त्यानं माझ्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं. चेहरा अंधारात ठेवीन असं मी त्याला म्हणालो होतो. म्हणालो होतो हे खरं. पण एडिटिंगला बसल्यावर अंधारात ठेवलेला चेहरा कुणालाच भिडत नाही. माझ्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. दाढीही तेव्हा म्हणाला होता, ठेव चेहरा. म्हणाला होता बहुतेक.
मग पडद्यावर ही आली. आमचं स्वयंपाकघर, मागे कुकर. ही सांगतेय, तुझे बाबा फोन करायचे. दर दोन-तीन महिन्यांनी. नोकरीचं एक अक्षर काढायचे नाहीत. फक्त विचारायचे, वहिनी, ती फिल्म कुठे बघायला मिळेल? आता जरा दिसतंय तोवर बघून घेतो म्हणायचे. मी सांगायची, साहेब शूटिंगला गेलेत. चार वर्षं सांगितलं. मग मला लाज वाटायला लागली, मी फोन उचलायचं बंद केलं.
त्या सीनचा साउंड फार खराब आहे. कुकरची शिट्टी काढून टाकायला हवी होती.
फिल्म जिंकली. मुलगी स्टेजवर गेली. दाढीनं तिच्या हातात ट्रॉफी दिली, डोळे पुसत. ती म्हणाली, ज्यांच्यामुळे ही फिल्म झाली त्यांनी कृपया वर यावं. मी उठलो. बटण लावत उठलो. तर माझ्याच रांगेत, चार खुर्च्या पलीकडे, तिची आई उठलेली. मी वाटेत. दारावरचा माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, काका, त्यांना जाऊ द्या. मी अंग चोरून वाट दिली. बहुतेकांना वाटलं असेल, त्यांना वाट द्यायलाच उठलो.

१४ डिसेंबर, सकाळ
हिला विचारलं, फोन यायचे हे मला सांगितलं का नाहीस? ही कपडे वाळत घालत होती. म्हणाली, पहिल्याच फोनला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कटव. मी म्हणालो, मी 'कटव' म्हणणं शक्यच नाही. हिनं माझ्या शर्टाला चिमटा लावला आणि आत गेली. दोन दिवसांत एवढंच बोलणं झालंय.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
आयोजकांना पत्र लिहायला घेतलं. मुलाखत देणाऱ्याला फायनल कट दाखवायला हवा, असा मुद्दा. मग आठवलं, तिनं दोनदा पाठवला होता. पत्र फाडलं.
परवाची एक गोष्ट काल लिहिली नव्हती. लिहून टाकतो.
समारंभ संपल्यावर मी बाजूच्या जिन्यानं निघालो होतो. तिथे तिची आई बाकावर बसलेली, मुलीची वाट बघत. मांडीवर ट्रॉफी. मला बघून उठायला लागली. मी म्हणालो, बसा बसा. मला वाटलं आता बोलणार काहीतरी. बोलली असती तर मीही बोललो असतो, माझ्याकडे उत्तरं होती.
ती म्हणाली, बरं झालं तुम्ही भेटलात. ह्यांना फार काळजी वाटायची तुमची. फोनवर कधी येत नाहीत म्हणजे साहेब आजारी असणार म्हणायचे, घरचे सांगत नाहीत आपल्याला. शेवटपर्यंत म्हणायचे. तेव्हा आजारी होतात का हो?
मी म्हणालो, हो.
ती म्हणाली, आता बरं आहे ना?
मी म्हणालो, आता बरं आहे.