आधी मत, मग चूल

भाईंदर पूर्व
४ जानेवारी २०२६

ती. वाल्मिकमामांस,
संध्याचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सगळं मजेत. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारी धावत येतात, म्हणून पत्र.

बातमी अशी, की तुमची भाची प्रचारात उतरली आहे! वरच्या मजल्यावरच्या उर्मिलाताई महापालिकेला अपक्ष उभ्या आहेत, निशाणी कपबशी. ऑफिसातून आले की पर्स टाकायची, मतदारयादी उचलायची आणि बिल्डिंग-बिल्डिंग फिरायचं. निशाणीच अशी, की घरोघरी चहा पुढे येतो. काल एका काकांनी दोन कप पाजले आणि मग आपण समोरच्या पार्टीचे पक्के असल्याचं शांतपणे सांगितलं. असला राग आला!

पण मामा, आईला फोनवर हे सांगितलं, तर इलेक्शनच्या भानगडीत पडू नकोस म्हणाली आणि फोनच ठेवला. ती तुमच्याजवळ राहते. तिला झालंय काय, तुम्हीच सांगा.

लोभ असावा, आणि तो पाच वर्षांतून एकदा नव्हे, रोजचा.
तुमची,
संध्या


टाकळी, जि. परभणी
९ जानेवारी २०२६

चि. संध्यास,
मामाचा मंगल आशीर्वाद व जयभीम. पत्र पावलं. शाब्बास माय! तुझी आई तुझ्यावर चिडली नाही. ती स्वतःवर चिडलेली आहे, एकोणतीस वर्षांपासून.

तेव्हा मी ग्रामपंचायतीला उभा होतो. मतदानाच्या दिवशी तुझ्या आईने, केसरने, पहाटेपासून आमच्या चाळीस कार्यकर्त्यांच्या भाकरी थापल्या. सगळ्या गावाला आम्ही मतदानाला नेलं, आणि तिला कोणी ऊठ म्हणालं नाही. मीही नाही. संध्याकाळी हात धुऊन ती शाळेत पोचली, तर फाटक बंद. दुसऱ्या दिवशी मी एका मताने पडलो.

मी हसण्यावारी नेलं. तिने नाही नेलं. माझं मत तेव्हाच गेलं, आता कशाचं द्यायचं, असं म्हणते आणि दर मतदानाला मुद्दाम दिवसभर चुलीपुढे बसते. समजावून माझी जीभ झिजली. पुढच्या महिन्यात इथे जिल्हा परिषदेचं मतदान आहे. माझं वय झालं गं. एकदा तरी तिच्या बोटाला शाई बघावी, एवढंच मनात आहे.

तू मात्र सकाळी आधी स्वतःचं मत दे, मग गावाची उठाठेव कर. माया आहेच, पत्राने ती ताजी ठेव.
तुझा,
वाल्मिकमामा


भाईंदर पूर्व
१८ जानेवारी २०२६

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि. आम्ही पडलो! एकशे बारा मतांनी. उर्मिलाताई अर्धा तास रडल्या, मग त्यांनीच सगळ्यांना चहा केला.

पण दुसरंच सांगायचंय, आणि हे पत्र आईला वाचून दाखवा. मी सकाळी पहिलं माझं मत दिलं. मग दिवसभर म्हाताऱ्यांना रिक्षात घाल, कुणाची चिठ्ठी शोध, कुणाला, वॉर्डाचे नगरसेवक चार म्हणून मतंही चार द्यायची असतात, हे समजाव. पाच वाजता जरा टेकले, थेपला खाता खाता यादी बघितली. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांपुढे खूण, एकच नाव कोरं. हंसाबेनचं! आणि माझ्या तोंडातला थेपला तिच्याच हातचा. सकाळपासून ती बाई तळमजल्यावर आम्हा तीस जणांसाठी लाटत होती, आणि सगळ्या वॉर्डाला विचारत फिरणाऱ्या मी तिला विचारलंच नव्हतं.

घास तसाच टाकला हो मामा. आईच दिसली मला. धावत गेले. शेवटचे चार राहिलेत, एवढे करून येते, असं ती अर्ध्या गुजरातीत सांगत होती. मी गॅसच बंद केला, तिचं ओळखपत्र घेतलं आणि तिला तशीच, पिठाच्या हातांची, ओढत नेली. दारं बंद व्हायला सात मिनिटं होती. हळदीने पिवळ्या बोटावर शाई लागली, तेव्हा भर शाळेत मीच रडले. आईला सांगा, तिच्यामुळे हे मत वाचलं.

माझी आठवण असू द्या, दोघांनीही.
तुमची,
संध्या


टाकळी
१० फेब्रुवारी २०२६

चि. संध्यास,
मंगल आशीर्वाद व जयभीम. तुझं पत्र केसरला वाचून दाखवलं. रात्री जेवताना तिने त्या हंसाबेनचे राहिलेले चार थेपले कोणी लाटले, ते विचारलं. मी म्हणालो, संध्याला विचारतो.

परवा मतदान झालं. सकाळी उठून बघतो, तर चूल थंड. घाबरलोच मी. चहाचं विचारावं म्हणून बाहेर आलो, तर तुझी आई पांढरं लुगडं नेसून दारात उभी. आधी मत, मग चूल, असं मलाच सुनावलं आणि पाय उचलायला सांगितलं. रांगेत पहिली तीच. मशीन वाजलेलं मला बहिऱ्याला कुठलं ऐकू यायचं! तिने बाहेर येऊन सांगितलं, की चांगलं मोठ्याने वाजलं. घरी येईपर्यंत ते बोट तिने पदराला लागू दिलं नाही.

हंसाबेनना आमचा दोघांचा जयभीम सांग. तुझ्यावर जीव आहे, तो असाच राहील.

त्या दिवशी चहा नऊ वाजता मिळाला. साखर घालायची विसरली होती. मी दोन कप प्यालो.
तुझा,
वाल्मिकमामा