शेवटच्या थेंबाचा बुडबुडा

मस्तगड, जालना

प्रिय शिवकन्या,

फोन केला की तू 'बरी आहे' म्हणतेस आणि फोन आईच्या हातात देतेस. मग मी आणि तुझी आई त्यांच्या गुडघ्यांवर आणि वांग्यांच्या भावावर बोलत बसतो. त्यांच्याशी बोलायला मला आवडतं, पण फोन मी तुला केलेला असतो. म्हणून हे पत्र. तुमच्या गावचे तातेरावकाका आज माल घेऊन मोंढ्यात आले आहेत, जाताना त्यांच्याच खिशात कोंबणार आहे. हे पत्र तू आईकडे सरकवलंस तरी उपयोग नाही. चष्मा फुटल्याचं त्यांनीच मला मागच्या फोनमध्ये सांगितलंय. तेव्हा वाच निमूटपणे. तू कामावर परत येणार आहेस की अंकुशनगरच्या घरात अंगठ्याकडे बघत दिवस काढणार आहेस, हे मला विचारायचंय. आधीच सांगून ठेवते, नाहीतर गप्पांच्या नादात मुद्दा राहून जायचा.

पहिली बातमी अशी की, आपल्या लॅबमध्ये मोठं मशीन आलं. रक्ताचे नमुने ठेवून झाकण लावलं की मोजून घेणं, औषध घालणं, ढवळणं, सगळं आपलं आपण करतं. बसवायला आलेला इंजिनिअर पुण्याचा, कडक इस्त्रीचा. डॉक्टरांच्या आई, म्हणजे आपल्या गिरिजाबाई, नारळ घेऊन मशीनपाशी आल्या तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो दोन्ही हात पसरून मशीनसमोर उभाच राहिला. शेवटी नारळ पायरीवर फुटला आणि मशीनच्या झाकणावर कुंकवाच्या एका बोटावर तडजोड झाली. आमच्या घरी नारळ-कुंकवाचं असलं काही करत नाहीत हे गिरिजाबाईंना पक्कं माहीत आहे, तरी खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांनी मलाच दिला. प्रिया बघतच राहिली. प्रिया म्हणजे नवीन मुलगी, तू गेल्यावर आलेली. कामाला चांगली आहे, बोलायला त्याहून चांगली.

मशीनला एक लांब हात आहे आणि हाताच्या टोकाला पोलादाची बारीक सुई. ती नमुन्याच्या कपात हळूच उतरते, रक्तातून वेगळ्या काढलेल्या सीरमच्या पृष्ठभागाला टेकल्याबरोबर तिला ते कळतं, किंचित आत जाते, हवं तेवढंच ओढते आणि बाहेर येते. मग दुसऱ्या नळीत ते सोडायचं आणि लगेच आंघोळीला पळायचं. आतून बाहेरून धुतल्याशिवाय पुढच्या कपाला शिवायचं नाही. प्रियाने तिचं नाव सोवळ्यातली आत्याबाई ठेवलंय. आता डॉक्टरसुद्धा सकाळी आल्यावर आत्याबाई उठल्या का म्हणून विचारतात.

पहिल्या दिवशी मी त्या सुईकडे बराच वेळ बघत बसले होते. खरं सांगू का, मला तुझा हात आठवत होता. आम्ही सगळे सीरम मोजून घ्यायची पिपेट नुसती धरायचो, तू मात्र ती हातातच उगवल्यासारखी वापरायचीस. कळ अंगठ्याने पहिल्या टप्प्यापर्यंत दाबायची, सावकाश सोडायची, घाई नाही, थरथर नाही. एकच नमुना तू दोनदा भरलास की उत्तरं जुळ्या बहिणींसारखी यायची. मी भरला की चुलत बहिणी. मग संक्रांतीच्या सुट्टीत तू घरी गेलीस, म्हशीला वैरण करायला कडबा कापायच्या कुट्टी यंत्रापाशी बसलीस आणि नेमका उजवा अंगठा पात्यात गेला. दवाखान्यात तू शांत पडून होतीस आणि मी बाहेर रडत होते, इतकी की नर्सने पाणी मलाच आणून दिलं. अर्धा अंगठा वाचला, पण कळ दाबण्यापुरता वाकेना. डॉक्टरांनी तुला बिलाच्या काउंटरवर बसायला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस. तू गेलीस तेव्हा मला तुझा फार राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आता रामरावांची गंमत ऐक. तेच ते, जुन्या कापड दुकानाचे, महिन्याला साखर तपासून रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय बाकावरून न उठणारे. मशीन बसल्यानंतर थोड्याच दिवसांत ते आले. त्यांची साखर निघाली एकदम तरण्या पोरासारखी. मी आकडा वाचला तर म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. "पुन्हा वाच पोरी, जल्दी न्हाई मला," म्हणाले. पुन्हा वाचला. मग बाकावर मांडी घालून बसले आणि जाहीर केलं, "काल लग्नाला गेल्तो. बासुंदी बराबर दोन वाट्या हाणली. तरी बी ही अशी शुगर! मंग हा कागद मी फ्रेम करून राह्यलो. घरची मला बासुंदीकडं बघू बी देत न्हाई."

बासुंदीचं ऐकल्यावर मात्र मी तो कागद बाजूला ठेवला. मी बाकीचे आकडे काढले. सकाळपासून मस्तगडची अर्धी गल्ली साखरेतून बरी झाली होती. सकाळी आम्ही तपासणीसाठी लावतो तो ठरलेला नमुना अगदी बरोबर आला होता, म्हणजे मशीन ठीक होतं. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट अडवले. इंजिनिअरला व्हिडिओवर घेतलं. त्याने हे उघड, ते दाखव करत शेवटी नमुन्यांचे कप जवळून दाखवायला सांगितले. दाखवले, तर एकेका कपात सीरमवर एकेक टपोरा बुडबुडा, चहावर येतो तसा. आत्याबाईंची सुई त्या बुडबुड्याला टेकत होती, त्यालाच सीरम समजत होती आणि अर्धी हवाच ओढून पुढे जात होती, म्हणून साखर कमी निघत होती. कप भरले होते प्रियाने. पिपेटची कळ दुसऱ्या टप्प्यापर्यंत जोरात दाबून टोकातला शेवटचा थेंबसुद्धा ती कपात फुंकत होती. असं का करतेस विचारलं तर भाबडेपणाने म्हणाली, "टाकून कसं द्यायचं ताई?" तिला तरी काय बोलणार? नळाच्या पाण्याची वाट बघण्यात जन्म गेलेलं आपलं गाव. आपण हंडासुद्धा उलटा करून झटकतो. इंजिनिअर हसायला लागला, डॉक्टर हसायला लागले, मग प्रियाही.

मला तेव्हा तू आठवलीस. तू मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंस, शेवटच्या थेंबामागे लागू नये, तो टोकातच राहू द्यावा. आणि तरीही बुडबुडा दिसला तर तो आपोआप फुटेपर्यंत कप बाजूला ठेवून तू चहाला उठायचीस. आम्ही सगळे कप पुन्हा भरले, पुन्हा लावले. रामरावांची साखर आपल्या जागी परत आली. जुना कागद द्यायला डॉक्टर तयार नव्हते, म्हणून म्हातारा रुसून गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मला दिवस गेलेत. घरच्यांना सोडून हे फक्त तुलाच सांगतेय. दिवाळीनंतर मी सुट्टीवर जाणार आणि परत कधी येईन ते बाळ ठरवेल. मशीनपाशी कोण बसणार, हे डॉक्टर रोज विचारतात. कप प्रिया भरेल. मशीनला अंगठा लागतच नाही, शिवकन्या. लागतो तो कपाकडे बघून हा नको, थांब, म्हणणारा माणूस, आणि आलेला आकडा बघून माणसाला बासुंदीबद्दल विचारणारा. ते तुझ्याइतकं कुणाला जमत नाही, मलाही नाही. डॉक्टरांपाशी तुझं नाव मी अजून काढलेलं नाही. मागच्या वेळी सगळ्यांनी मिळून तुझं ठरवलं, तुला त्यात दया दिसली आणि तू निघून गेलीस. या वेळी कुणी तुझं काही ठरवणार नाही. सोमवारी सकाळी अंबडहून बस पकड, येऊन डॉक्टरांना तूच सांग की ही जागा मला हवी. मी कामाशिवाय राहू शकते, पण तुझ्याशिवाय ही जागा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन बाळंतपणाला जायचं, हे काही मला झेपणार नाही. दया करायचीच असेल, तर या वेळी तू माझ्यावर कर.

सोमवारच्या बसकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
अक्षता