दोन साहेबांमधला निरोप

॥ श्री ॥
कारखाना वसाहत, मुरगूडजवळ
ता. ३ एप्रिल १९६७

ती. पद्मजाताईस,
नृसिंहाचे कृ. सा. न. वि. वि.

गगनबावड्याला तुझ्या शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या असतील. माईची कंबर पुन्हा दुखते आहे, असे शाहूपुरीहून आलेल्या माणसाकडून कळले. रविवारी घरी जायचे होते, पण इथून हलता येत नाही. नवा कारखाना, पहिलाच चाचणी हंगाम, आणि ऊस शेतात वाळत उभा. चेअरमन दिवसातून दोनदा विचारतात, चरक कधी फिरणार? मी अजून नोकरीत कायम नाही, त्यामुळे मान खाली घालून 'होईल, होईल' म्हणतो.

खरे सांगू का, माझे काम यंत्रे सांभाळायचे नाहीच, दोन साहेब सांभाळायचे आहे. उसाचे चरक स्कॉटलंडातल्या ग्लासगोहून आले, त्यांच्याबरोबर मॅकरे साहेब आले. बॉयलर इंग्लंडहून आला, त्याच्याबरोबर हॉब्स साहेब. पहिल्याच दिवशी मी मॅकरे साहेबांची ओळख 'आमचे इंग्रज पाहुणे' अशी करून दिली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितले की पुन्हा असे म्हणालास तर मिळेल त्या गाडीने परत जाईन. हॉब्स साहेब मागे उभे राहून हसत होते.

दोघे एकाच बंगल्यात राहतात, एकाच टेबलावर जेवतात आणि जेवणभर एकमेकांना टोचत असतात. स्वयंपाकाच्या अंबूबाई मला विचारत होत्या, दोगंबी गोरी, दोगंबी बटाटं खात्यात, मग भांडत्यात कशापायी? आता १५ तारखेला लंडनला दोन्ही देशांचा फुटबॉलचा सामना आहे. ज्याचा देश हरेल त्याने आठवडाभर रोज सकाळी कामगारांसमोर दुसऱ्याच्या देशाचा जयजयकार करायचा, अशी पैज लागली आहे.

तू इतिहास शिकवतेस. हे प्रकरण काय आहे ते जरा समजावून सांग. माईला पत्र टाकशील तेव्हा मी दोन वेळ नीट जेवतो, एवढे लिही.

तुझा धाकटा, माया असू दे,
नृसिंह

---

गगनबावडा
ता. ८ एप्रिल १९६७

चि. नृसिंहास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इंजिनिअर होऊन तू मॅकरे साहेबांना इंग्रज म्हणालास! माझ्या आठवीतल्या मुलीने ही चूक केली असती तर मी तिला बाकावर उभे केले असते.

स्कॉटलंड हे पूर्वी वेगळे राज्य होते. १३१४ साली बॅनकबर्नला त्यांनी इंग्रजांच्या मोठ्या फौजेला धूळ चारली, ती गोष्ट त्यांच्याकडे अजून काल घडल्यासारखी सांगतात. पुढे १६०३ साली स्कॉटलंडचाच राजा लंडनच्या गादीवर बसला, आणि १७०७ला दोन्ही पार्लमेंटे एक झाली. त्यानंतर चाळीस वर्षांत डोंगराळ भागातल्या स्कॉट लोकांनी बंड केले. ते कलोडनला मोडून काढल्यावर त्यांचा पोशाख घालायलासुद्धा बंदी आली. म्हणजे घर एक झाले, पण कोण कोणाच्या घरात राहायला आले याचा वाद मिटला नाही. आपल्याकडे दोन पेठांचा फुटबॉलचा सामना असला की सख्खे मेहुणे आठ दिवस एकमेकांच्या दारावरून जात नाहीत. त्याच्यामागे साडेसहाशे वर्षे लाव, म्हणजे समजेल.

थट्टा पुरे. मला काळजी तुझी वाटते. दोन रागीट माणसांच्या मध्ये उभा राहणाऱ्यालाच आधी धक्का बसतो. ते एकमेकांना काही लागट बोलले तर ते तू इकडून तिकडे नेऊ नकोस. कडू तेवढे गिळून टाक, कामाचे तेवढे गोड करून सांग. तुला ते लहानपणापासून जमते. माई आणि आपली आत्या आक्का एकमेकींशी बोलत नव्हत्या, तेव्हा तूच घर चालवले होतेस.

जेवतोस असे माईला कळवले आहे. खोटे लिहायला लावू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

---

॥ श्री ॥
कारखाना वसाहत
ता. २१ एप्रिल १९६७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे.

स्कॉटलंड तीन-दोनने जिंकले. इंग्लंड गेल्या वर्षीचे जगज्जेते, त्यांना त्यांच्याच मैदानावर हरवले. रविवारी सकाळी रेडिओवर बातमी ऐकून मॅकरे साहेब बंगल्यातून नाचत बाहेर आले. पैजेप्रमाणे हॉब्स साहेबांनी टोपी काढून स्कॉटलंडचा जयजयकार केला, हसतच केला. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण मॅकरे साहेबांनी कामगारांना 'तीन-दोन' म्हणायला शिकवले. हॉब्स साहेब दिसले की चरकावरून, वजनकाट्यावरून, गाडीतळावरून आरोळी यायची. तीन दिवस त्यांनी सोसले. बुधवारी मॅकरे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की इंग्रज दुसऱ्याच्या कष्टावर बसून खातात. हॉब्स साहेबांनी उत्तर दिले, तुमच्या उपाशी मुलखाला आम्हीच पोसतो. मॅकरे साहेबांचे वडील जहाजाच्या कारखान्यात कामाविना बसले होते, घरी खरोखरच उपास पडले होते, हे मला नंतर कळले. मॅकरे साहेब पांढरेफटक पडले. त्या क्षणापासून दोघांत बोलणे बंद झाले, आणि बॉयलरपासून चरकापर्यंतच्या चाळीस पावलांचे निरोप माझ्याकडे आले.

काल सकाळी पहिल्यांदा वाफ सोडायची होती. थंड नळीत पाणी साठते. ते आधी पूर्ण काढावे लागते, नाहीतर मागून वाफ आली की ते पाणी गोळ्यासारखे आदळते. पाणी काढायला आमचा गुंडू फायरमन नळीखाली बसला होता. हॉब्स साहेबांनी थांबायचा निरोप दिला. मी तो मॅकरे साहेबांना दिला. पाच मिनिटांनी त्यांनी वाफेच्या व्हॉल्व्हचे चाक फिरवले.

नळीत तीन हादरे बसले आणि सांधा फुटला. सगळीकडे पांढरे झाले, गुंडूचे ओरडणे तेवढे ऐकू येत होते. हॉब्स साहेबांनी उघड्या हातांनी तापलेला व्हॉल्व्ह बंद केला. मॅकरे साहेब वाफेत शिरले आणि गुंडूला काखेत धरून बाहेर घेऊन आले. त्याची पाठ आणि डावा हात भाजला आहे. दोघे साहेब त्याला जीपमधून कोल्हापूरच्या दवाखान्यात घेऊन गेले.

शुक्रवारी, २८ला, चौकशी आहे. तू परीक्षेचे पेपर घेऊन कोल्हापूरला जाणार आहेस ना? गुंडूला बघून ये. मला जायचे धाडस होत नाही.

तुझा,
नृसिंह

---

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. २४ एप्रिल १९६७

चि. नृसिंहास,
आशीर्वाद.

गुंडूला पाहून आले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. बोटांचे आताच सांगता येत नाही. त्याची बायको शालूबाई उशाशी बसून वारा घालते आहे. ती कुणालाच दोष देत नाही, आणि तेच मला बघवेना.

बाहेरच्या बाकावर एका टोकाला मॅकरे, दुसऱ्या टोकाला हाताला पट्ट्या बांधलेले हॉब्स. मधे दोन माणसे बसतील एवढी जागा. मी तुझी बहीण म्हटल्यावर दोघेही उठून उभे राहिले. हॉब्स म्हणाले, मी स्पष्ट बजावले होते. मॅकरे म्हणाले, मला कोणी बजावले नाही. दोघेही शपथेवर सांगत होते, आणि दोघेही मला खोटे वाटले नाहीत.

म्हणून विचारते. तुझ्या पत्रात सगळे बारीकसारीक आहे. उपाशी मुलूख आहे, तीन हादरे आहेत. फक्त निरोपाचे शब्द नाहीत. ते का नाहीत?

कडू गिळ आणि गोड करून सांग, हे मीच तुला लिहिले होते. घरातली भांडणे आणि वाफेची नळी यातला फरक मला कळायला हवा होता. तेव्हा जे झाले असेल त्यात माझा वाटा आहे, तो मी कुणासमोरही कबूल करीन. पण शुक्रवारी तुला बोलावेच लागेल. तू गप्प राहिलास तर त्या दोघांपैकी एक जण आयुष्यभर खोटारडा ठरेल. नोकरी जाईल हे मला माहीत आहे. माईला अजून सांगितलेले नाही.

शुक्रवारपर्यंत झोप येणार नाही अशी,
ताई

---

॥ श्री ॥
शाहूपुरी, कोल्हापूर
ता. ३० एप्रिल १९६७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू परत गगनबावड्याला गेलीस आणि मी इथे आलो, बॅग घेऊनच. माईला मी स्वतः सांगितले. तिने पान वाढले.

तुझा संशय खरा होता. हॉब्स साहेबांचे शब्द असे होते: त्या डोंगरातल्या गाढवाला सांग, मी हात वर करायच्या आत व्हॉल्व्हला बोट लावलेस तर माझी माणसे उकडून मरतील. मी चाळीस पावले चाललो. चालता चालता गाढव काढून टाकले, डोंगर काढून टाकला, आणि माणसे उकडतील हेही त्याच्याबरोबर गेले. मॅकरे साहेबांना एवढेच म्हणालो, हॉब्स साहेब म्हणतात, जरा थांबलात तर बरे. त्यांनी घड्याळात बघितले. चेअरमन शेजारी उभे होते. पाच मिनिटे थांबणे म्हणजे त्यांच्या मते 'जरा' झालेच.

चौकशीत दोघांचे लेखी जबाब वाचले गेले. दोघांनी एकमेकांवर ठपका ठेवला होता. मॅकरे साहेब खोटे बोलतात, असे लिहून घ्यायला कारकुनाने पेन उचलले, तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. तुझे नाव घेतले नाही. ते पत्र तू लिहिलेस, पण पावले मी चाललो होतो.

मग मॅकरे साहेबांनी त्या भांडणाच्या बुधवारनंतर पहिल्यांदाच हॉब्स साहेबांकडे वळून सरळ विचारले, मूळ शब्द काय होते? हॉब्स साहेबांनी मान खाली घालून ते सगळेच्या सगळे सांगितले. मॅकरे साहेब म्हणाले, हे कानावर आले असते तर मी तुझ्या अंगावर धावून आलो असतो, पण त्या चाकावरचा हात सोडूनच आलो असतो ना! यावर दोघांनाही हसू आले नाही. चाळीस पावले चालून जायची लाज वाटली, हा आमचा दोष, असे दोघांनी आपापल्या जबाबाखाली जोडून लिहिले. पण माझी नोकरी संपली, आणि तसे व्हायलाच हवे होते. चरक काल सुरू झाले. मला इथे सोडायला आलेला ड्रायव्हर सांगत होता, दोघे साहेब दिवसभर एकमेकांवर नावानिशी ओरडत असतात आणि हात वर झाल्याशिवाय चाक फिरत नाही.

आज सकाळी गुंडूकडे गेलो. आत पाऊल टाकवेना. शालूबाईंनी खुर्ची पुढे केली, तरी मी उभाच राहिलो आणि त्याला सगळे सांगितले, शब्द न शब्द. तो छताकडे बघत ऐकत होता. डाव्या हाताची दोन बोटे गेली आहेत, तो हात चादरीवर तसाच होता. मग म्हणाला, "सायेब, शिवी न्हाय सांगितली ते ऱ्हाऊ दे. पर थांब म्हनायचं तेवढं तरी शिवी दिल्यागत वरडायचं हुतं की. मी नळीखाली बसलो हुतो."

त्याने शालूबाईंना चहा आणायला सांगितले. मी तो प्यायलो.

मे महिन्यात सुट्टी लागली की ये. तोवर मी माईजवळ आहे.

तुझा भाऊ, जसा आहे तसा,
नृसिंह