माय म्हणजे पाणी

कुवेत,
ता. १७ एप्रिल १९८३

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र परवा मिळालं. नव्या जिल्ह्यामुळं तुझी बदली लातूरच्या कलेक्टर कचेरीत झाली, हे बरं झालं. औशात टँकर दोन दिवसांआड येतो म्हणतोस. आईला घागरी उचलू देऊ नको, तिची कंबर आधीच गेलेली आहे.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवते. घरी आलं की बाबा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावतात.

इथं मला लई वैताग आलाय, दादा. दिवसभर बोलायला माणूस नाही. घरची मालकीण मला नावानं हाक मारत नाही, टाळी वाजवते. माझा कप वेगळा ठेवलाय, नळाच्या खाली, फरशीवर. तो बघून मला काय वाटलं, हे तुला सांगायला नको.

तू म्हणशील, दवाखान्यात असं कसं? मी दवाखान्यात नाही. पहिल्या दिवसापासून नाही. एजंटाच्या माणसानं विमानतळावरून थेट या घरी आणून सोडलं. मालकाची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिचं सगळं करायचं, ती झोपली की भांडी, फरशी. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. नांदेडला तीन वर्षं शिकून मिळवलेलं नर्सिंगचं सर्टिफिकेट माझ्या पेटीत.

पहिल्या दिवशी म्हातारी सारखी ‘माय, माय’ करत होती. मला वाटलं, आईची आठवण येते बिचारीला. मी शेजारी बसून तिचा हात चोळायचे. ती आणखीच ओरडायची. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं सांगितलं, यांच्या अरबीत माय म्हणजे पाणी. तहानलेल्या बाईचा मी हात चोळत होते. इतकी लाज मला शिकताना कधी वाटली नव्हती.

गेल्या गुरुवारी म्हातारी घामानं भिजली, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. तिला मधुमेहाचं इंजेक्शन असतं. साखर उतरली, हे मी ओळखलं. शुद्धीवर होती, म्हणून साखरेचं पाणी पाजलं. तेवढ्यात तिची सून, म्हणजे मालकीण, आली. तिनं ग्लास हिसकावला आणि ओरडायला लागली. ड्रायव्हर हैदराबादचा आहे, तो खाली मान घालून म्हणाला, “बीबी बोलती, तुम्हारा काम झाडू. दवा में हाथ नक्को डालो.”

डॉक्टर आले. कुणी पाजलं, विचारलं. माझ्याकडं बघून म्हणाले, बरोबर केलं, नाहीतर म्हातारी गेली असती.

तेव्हा मी मालकासमोर उभी राहिले. ड्रायव्हरला म्हटलं, “सांगा त्यांना, मी नर्स हाय. आजीचं सगळं करीन. फरशी पुसणार न्हाई. अन् माझा पासपोर्ट द्या.”

त्या दिवसापासून फरशीला दुसरी बाई येते. पासपोर्ट मात्र करार संपल्यावर, म्हणजे अजून दीड वर्षानं. ड्रायव्हर म्हणाला, “सबर करो, बहन.” दुसरं काय करणार, तेच करून राहिले.

तू म्हणाला होतास, जिल्हा नवा झालाय, दवाखान्यात जागा निघतील, थांब. मी चारचौघांत म्हणाले, “दादा जळतो.” त्या शब्दामुळंच मला खरं लिहिता येईना. सहा महिने मी वॉर्डाचं, डॉक्टरांचं, पांढऱ्या साडीचं खोटं लिहीत राहिले.

आणि आता तू पत्राच्या शेवटी सहज लिहितोस, की आपली बारकी विशाखा नांदेडची परीक्षा देऊन त्याच एजंटाकडं फॉर्म भरते आहे, ताईसारखं जायचं म्हणते. माझी खोटी पत्रं वाचूनच तिला वाटलं ना. परवापासून मला जेवण गेलेलं नाही.

हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी औशाला जा. तिला हे सगळं पत्र दे, एक ओळ लपवू नको. बाबांना मीच नंतर कळवेन असं म्हणणार होते, पण नको. त्यांनाही दे. विहारात लोक हसतील, हसू दे.

मी तुला जे बोलले ते चुकलं. तू माफ कर किंवा करू नको, आधी तिला थांबव.

परक्या घरात अडकलेली, तुझी धाकटी,
पंचशीला