तुझ्या नावाचं गाऱ्हाणं

कणकवली,
मार्च १९८६

प्रिय गुरुदादा,

तू कोल्हापूरला मामांकडे तोंड लपवून बसला आहेस याचा मला संताप येतो. तुझा नाही, तुला तिकडे धाडणाऱ्यांचा. तुझं महादूवर प्रेम आहे हे कळताच रेक्टर सरांनी तुम्हा दोघांच्या वळकट्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात आणून टाकल्या. गॅदरिंगला हॉकी स्टिकने एकाचं डोकं फोडणारे मात्र अजून तिथेच मजेत जेवतात! डोकं फोडलेलं चालतं, जीव लावलेला चालत नाही. वर्गात माझ्या बाकावर आता दुर्गाशिवाय कुणी बसत नाही. नका बसू! मी ऐसपैस बसते.

पण खरा कहर गावात झाला. परवा बाबांनी देवळात तुझ्या नावाने नारळ ठेवला. तुला विचारलं नाही, आम्हाला सांगितलं नाही. गुरव दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची मती फिरली आसा, ती ठिकाणार हाड रे म्हाराजा!" ताळ्यावर आण म्हणे, जसा काही तू वेडाच! आणि सगळा गाव एका सुरात, "व्हय म्हाराजा!" लहानपणी आपणही ओरडायचो, आठवतं? रोगराई टाळ म्हटलं की व्हय, पीकपाणी बरं होऊ दे म्हटलं की व्हय. आता म्हणे, "चांगली सून घरात येव दे." व्हय! त्या बिचारीचं पुढे काय व्हायचं, याचा विचार एकाने तरी केला का?

माझं डोकंच फिरलं. गाऱ्हाण्यात बायका तोंड उघडत नाहीत, पण मी खांबाजवळून ओरडले, "नाय म्हाराजा!" दाजी बोलता बोलता थांबले. तेवढ्यात माझ्या मागून हळूच आणखी एक "नाय म्हाराजा" आलं. आई होती रे! गाऱ्हाणं अर्धंच राहिलं. बाबा तेव्हापासून आम्हा दोघींशी बोलत नाहीत.

हे सगळं आजच लिहिते, कारण तू बी.ए.ची परीक्षा देणार नाहीस असं मामांनी कळवलं. गावात आपलं कुणी उरलं नाही, असं म्हणालास म्हणे. आम्ही मेलो का? तुला वसतिगृहातून काढलंय, परीक्षेतून नाही. दुर्गाच्या आईने तुम्हा दोघांना राहायला तिच्या घरची पडवी झाडून ठेवली आहे. महादू कालच तिथे आला, तुझी वाट बघतोय. आईचा निरोप तिच्याच शब्दांत देते, "तेका सांग, पेपर दी आणि घराक जेवक ये. मी वाढतलंय." सोमवारी पहिला पेपर. रविवारी मी एस.टी. स्टँडवर उभी राहते. येशील ना? या वेळी मला "व्हय" ऐकायचं आहे.

तुझीच,
शुभदा