उपवासकाळातले अकरा पिंपल्स

२८ फेब्रुवारी २००१, बुधवार. संध्याकाळी ७.

आज राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळाला राख लावून चर्चच्या पायरीवर उभा होतो. समोरून नॅन्सी आली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली. म्हणाली, जेन्सन, फादरनी राख नक्की कुठे लावली रे, एवढ्या पिंपल्समध्ये सापडत नाही. बरोबरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. मी सणसणीत उत्तर देणार होतो. सुचलं तेव्हा घरी पोहोचलो होतो.

शांत डोक्याने विचार केला. कुठलीही मुलगी उगाच कोणाचं कपाळ इतकं निरखत नाही. म्हणजे हरकत फक्त त्वचेला आहे. बाकी माणूस पसंत आहे.

आरशात मोजले. कपाळावर सहा, डाव्या गालावर तीन, हनुवटीवर एक, नाकावर एक. एकूण अकरा.

ईस्टरपर्यंत चेहरा साफ. ईस्टरला चर्चमधल्या मिस्सानंतर नॅन्सीला सरळ विचारायचं. सेहेचाळीस दिवस आहेत. माझ्यासारख्याला पंधरा पुरे.

१ मार्च, गुरुवार.

शेजारचा फेबियन सातिवलीला लेथवर काम करतो. येताना रोज वडे आणतो. आजच्या वड्यांच्या कागदावर लेख होता: ‘निरोगी त्वचेसाठी नऊ नैसर्गिक सवयी’. हा योगायोग नव्हे. वडे खाऊन कागद पुसून घेतला.

भरपूर पाणी प्या. वेळेवर झोपा. साबणाऐवजी बेसन लावा. तळलेलं बंद. उन्हात फिरू नका. पहाटे मोकळ्या हवेत चाला. पिंपल्सना हात लावू नका. संताप टाळा. नववी सवय तेलात गेली. आठ पाळल्या तर नववी आपोआप पाळली जात असणार.

फेबियनला दाखवलं. त्याच्या तोंडावर माझ्या दुप्पट आहेत. म्हणाला, अरे, वडा खाल्ला तर पोट भरतं, लेख खाऊन काय होतं? ज्याला आयुष्यात काही मिळवायचंच नाही त्याचं असंच असतं.

३ मार्च, शनिवार.

आईने बोंबील तळले. मी ताट सरकवलं. म्हटलं, ईस्टरपर्यंत तळलेलं बंद. आईने गॅस बारीक केला. मग म्हणाली, शुक्रवारीच नाही तर रोज? मी म्हटलं, रोज. तिने पदराने डोळे पुसले. बोंबलाचा धूर असणार.

 माझ्या वाटचे बोंबील पप्पांनी घेतले.

पिंपल्स: बारा. नवीन एक कानाजवळ. शेवटच्या वड्याचा आहे, धरत नाही.

६ मार्च.

पहाटे साडेपाचला उठलो. बेसन लावून तोंड धुतलं. वाडीच्या बांधाने चाललो. केळींमधून हवा चांगली येते. वाट आपोआप नॅन्सीच्या घरावरून गेली. तिची आई मार्गारेटबाई चर्चला निघाली होती. आता दिसलोच तर काय करणार? मागोमाग गेलो.

सहाच्या मिस्साला एकंदर नऊ माणसं. आठ म्हाताऱ्या आणि मी. पंख्याखाली बसलो, डोळे मिटले. दगडी लादी, गार वारा, ऊन नाही. त्वचेला यापेक्षा चांगली जागा आमच्या नंदाखालात नाही. रोज यायचं.

९ मार्च, शुक्रवार.

संताप टाळण्याची सवय सर्वांत अवघड. हेलन म्हणाली, बेसन संपवलंस, आता भजी तुझ्या तोंडाची करू का? मोठी बहीण आहे म्हणून काहीही बोलायचं. हातातला तांब्या फेकणार होतो. सवय आठवली. तांब्यातलं पाणी प्यायलो. एका दगडात दोन सवयी.

माझा स्वभाव तापट नाही, तत्त्वाचा आहे. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सर भर वर्गात माझ्या हजेरीबद्दल बोलले. मी पुस्तक आपटून बाहेर आलो. म्हटलं, बोलावतील. दीड वर्ष झालं. तेही तत्त्वाचेच निघाले.

पिंपल्स: दहा.

१४ मार्च.

माणिकपूरला पप्पांबरोबर केळी पोहोचवायला गेलो. रिक्षावाला मध्येच घुसला, वर मलाच बोलला. मी खाली उतरलो. मूठ वळली. कपाळावरचे सहा डोळ्यांसमोर आले. हात जोडले आणि परत टेम्पोत बसलो. रिक्षावाला घाबरला. पप्पांनी घरापर्यंत तीनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

त्यांनी ते फेबियनला सांगितलं, फेबियनने सगळ्या गावाला.

१८ मार्च, रविवार.

मिस्सानंतर नॅन्सी माझ्याशी साडेचार मिनिटं बोलली. विचारलं, तू रोज सकाळी चर्चला येतोस असं मम्मी सांगते, खरं का? म्हटलं, खरं. पुढे विचारलं, फेबियन सातिवलीला किती वाजता निघतो, दुपारी जेवायला येतो की डबा नेतो?

किती हुशार. मी एकटा कधी सापडतो ते तिला हवं आहे, पण सरळ विचारायची लाज. फेबियनचं पूर्ण वेळापत्रक सांगितलं. सुट्टीचा वारसुद्धा.

पिंपल्स: आठ.

२१ मार्च.

आईने आज वाढताना मला ‘घे बाबा’ म्हटलं. एरवी ‘गिळ’ म्हणते. शेजारणी मला बघून आवाज खाली करतात. मार्गारेटबाईंनी रस्त्यात थांबवून विचारलं, बाळा, आमच्यासाठी प्रार्थना करतोस ना? म्हटलं, तुमच्या घरासाठी तर रोज करतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. सासू तयार आहे.

२७ मार्च, मंगळवार.

मोठा दिवस. फादर रुडॉल्फनी मिस्सानंतर आत बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, जेन्सन, तुझ्यातला बदल सगळ्या गावाला दिसतोय. मनात काही ठरवलंयस का? नॅन्सीच्या आईने सांगितलेलं दिसतंय. म्हटलं, फादर, मी साडेतीन वर्षांपूर्वीच ठरवलंय. फादरनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, मग आजवर बोलला का नाहीस? म्हटलं, लायक वाटत नव्हतो. चेहऱ्याचं काही बोललो नाही.

म्हणाले, लायक कोणीच नसतं. घरचे काय म्हणतील? म्हटलं, आई तर आत्ताच रडते.

मग फॉर्म दिला. मे महिन्यात तीन दिवसांचं शिबिर. चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी कोर्स करावा लागतो. चुलतभावाने केला तोही तीनच दिवसांचा होता. कोर्सला मुलगी कोण ते विचारतच नाहीत, यावरून फादर किती समंजस आहेत ते कळतं. सही केली. फॉर्म काय वाचायचा, आपल्याला घाई आहे. म्हणाले, यंदा आपल्या गावातून तू एकटाच. साहजिक आहे. मुलींचा वेगळा असेल.

पिंपल्स: पाच.

३१ मार्च.

पप्पांची सही घ्यायला फॉर्म घरी आणला. पप्पांनी चष्मा लावला, काढला, सही केली आणि वाडीत निघून गेले. तासभर आले नाहीत. हेलनने फॉर्म वाचला. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुला कळतंय का तू कशावर सही केलीस? म्हटलं, शंभर टक्के. म्हणाली, आयुष्यभराचं आहे हे. म्हटलं, म्हणूनच. ती पहिल्यांदाच काही टोमणा न मारता उठली. फॉर्म तिनेच जाऊन चर्चमध्ये दिला.

प्रेमापुढे सगळे नमतात.

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.

नॅन्सीने मला जपमाळ दिली. वेलंकनीहून आणलेली, निळे मणी. म्हणाली, घरात दोन होत्या, तू वापरशील म्हणून. पोरी रुमाल देतात, कार्ड देतात. हिने जपमाळ दिली. घराण्याचा फरक.

फेबियन शेजारी उभा होता. त्याला काहीच दिलं नाही. मला त्याची दयाच आली. एक वडा जास्त खा म्हटलं.

पिंपल्स: दोन, तेही सुकलेले.

१३ एप्रिल, गुड फ्रायडे.

घात झाला. दुपारी तीनला क्रुसाची वाट, म्हणजे क्रूस घेऊन मिरवणूक. मी छत्री घेऊन गेलो होतो, उन्हाच्या सवयीमुळे. फादरनी गर्दीतून मला पुढे बोलावलं आणि मोठा क्रूस माझ्या खांद्यावर दिला. छत्री फेबियनकडे गेली. थांबायची चौदा स्थानं, दीड तास, डोक्यावर ऊन. मागे वळून बघितलं तर छत्रीखाली फेबियन आणि त्याच्याबरोबर नॅन्सी. तिला ऊन लागू नये म्हणून त्याने स्वतःहून छत्री धरली. मित्र असावा तर असा.

१५ एप्रिल, ईस्टर.

उठलो, आरसा बघितला. नाकाच्या शेंड्यावर एक. पिवळं टोक, चवळीएवढा. सेहेचाळीस दिवस बेसन, पाणी, पहाट, आणि नेमका आजचा मुहूर्त. हात लावायचा नाही ही सवय मोडली. आता नाक सुजून लाल आहे.

विचारणं आठ दिवस पुढे ढकललं. पण गंमत अशी की विचारायची गरजच उरली नाही. मिस्सा सुटल्यावर नॅन्सी आपणहून आली. नाकाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, तुझं कळलं मला, फादरनी मम्मीला सांगितलं. खूप बरं वाटलं, जेन्सन. तू असा असशील असं आधी वाटलं नव्हतं. चेहऱ्यावर किती तेज आलंय तुझ्या.

मी मान हलवली. नाकावर रुमाल होता.

जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी माझंही कळेल सगळ्यांना.

म्हणजे होकार. जाहीर होकार. हेलनकडून इस्त्री करून घ्यायची. क्रीम कलरचा शर्ट.

२२ एप्रिल, रविवार. दुपारी १२.

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

मिस्सा संपत आली. फादर सूचना वाचायला लागले. ईस्टर झाल्यामुळे लग्नांची नावं जाहीर करायला सुरुवात. मी शर्टाची कॉलर नीट केली. फादरनी वाचलं: वर, फेबियन. वधू, नॅन्सी. विवाह तेरा मे. या विवाहाला कोणाला काही अडथळा माहीत असेल तर कळवावा.

मला माहीत होता. मी उभा राहिलो.

अख्खं चर्च वळलं. मी तोंड उघडलं. सगळ्या सवयी विसरून बोलणार होतो. तेवढ्यात फादर हसले. म्हणाले, जेन्सन स्वतःच उभा राहिला, बरं झालं. आपल्या धर्मग्रामाला आनंदाची दुसरी बातमी. आपला जेन्सन फादर होण्याचा विचार करतोय. मे महिन्यात सेमिनरीच्या शिबिराला जाणार आहे. चौदा वर्षांनी आपल्या गावातून कोणीतरी.

टाळ्या. चर्चमध्ये कधी टाळ्या वाजत नाहीत. मार्गारेटबाई रडत होत्या. आई तर बाकावरून उठू शकली नाही. फेबियन दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारणार तेवढ्यात नॅन्सीने त्याचा हात खाली ओढला. आणि माझ्याकडे बघून हसली. पूर्ण हसू. साडेतीन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तेच.

मी खाली बसलो. मग कोणीतरी परत उभं केलं.

२४ एप्रिल.

आईला सांगायचं ठरवलं. स्वयंपाकघरात गेलो. तिने मला बघितलं आणि आपणच बोलायला लागली. तू कॉलेज सोडून आलास त्या दिवशी मी चर्चमधल्या माऊलीला म्हटलं होतं, ह्याला मार्ग दाखव, मी दुसरं काही मागणार नाही. दीड वर्ष कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर मी विषय बदलायची. आता बाजारातून यायला मला दोन तास लागतात.

मी पाणी पिऊन बाहेर आलो.

शिबिर तीन दिवसांचं आहे. तीन दिवसांत कोणी फादर होत नाही. आल्यावर सांगेन.

हेलनला विचारलं, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, तुला विचारलं होतं. तू म्हणालास शंभर टक्के.

१ मे.

नवा उपाय. ज्या चेहऱ्याने फसवलं तो चेहराच नको. पिंपल्स आले की तेज जाईल, तेज गेलं की बोलणं थांबेल. गेला आठवडाभर रोज सहा वडे, साबण, भर उन्हात वाडीत काम, झोप नाही, संताप तर चोवीस तास.

पिंपल्स: शून्य. नाकावरचाही गेला.

मार्गारेटबाई म्हणाल्या, आत्म्याची शांती तोंडावर दिसतेच.

१३ मे, रविवार. संध्याकाळी ६.

नॅन्सीचं लग्न झालं. बायबलचं पहिलं वाचन मी करावं अशी तिची खास इच्छा होती. केलं. आवाज एकदाच चिरकला. लोकांना वाटलं भावना.

हॉलमध्ये फोटो. फोटोवाल्याने फेबियनच्या तोंडाला तीन वेळा पावडर लावली, तरी फ्लॅशमध्ये चमकत होता. नॅन्सी शेवटी स्वतःच्या रुमालाने त्याचं कपाळ पुसायला लागली. एकेक पिंपल चुकवून, हळूच, दुखू नये म्हणून.

मी ते शेवटपर्यंत बघितलं.

मग मला त्यांच्या शेजारी उभं केलं. फोटोवाला म्हणाला, तुम्हाला पावडर नको, तुमची स्किन एकदम क्लीन आहे. काय लावता? फेबियन म्हणाला, अरे, आमचे फादर आहेत ते, काही लावत नाहीत. नॅन्सी म्हणाली, आमच्या पहिल्या बाळाचा बाप्तिस्मा तूच करायचास हां, जेन्सन.

म्हटलं, करू.

बुफेत बोंबील होते, कुरकुरीत. मी प्लेट उचलली. मागून मार्गारेटबाई कोणालातरी सांगत होत्या, तो तळलेलं खात नाही. प्लेट ठेवली. काकडी घेतली.

उद्या सात वाजता शिबिराची बस. आईने बॅग भरून ठेवली आहे. निळी जपमाळ वर. तिच्याखाली, न सांगता, बेसनाचा डबा.